छत्तीस तास, पाच आठवडे, तेवीस मिनिटं

एकट्याने गेम केला, तारीखही पाळली, तरी वाटोळं झालं. याचं सगळ्यात बदनाम उदाहरण अटारी कंपनीच्या ‘ई.टी.’चं. घटना अमेरिकेतली आहे. तास मात्र आपल्या वाशीच्या घड्याळातही देतो. (वाशी धाराशिवची, नवी मुंबईची नव्हे. हे दर वेळी सांगावंच लागतं.)

मंगळवार, २७ जुलै १९८२, दुपार. वाशीत मध्यरात्र उलटलेली.
हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या पंचविशीच्या उंबरठ्यावरच्या प्रोग्रॅमरला कंपनीचे प्रमुख रे कसार यांचा फोन येतो. स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ या सिनेमावर गेम हवा, १ सप्टेंबरपर्यंत. सिनेमा ११ जूनलाच लागला होता. पुढचे आठवडे हक्कांच्या वाटाघाटीत गेले, पण नाताळ काही पुढे सरकणार नव्हता. चिप बनायला, कार्ट्रिज दुकानात पोचायला वेळ लागतो, म्हणून उरलेली सगळी काटछाट एकाच माणसाच्या वाट्याला आली. एरवी असा गेम करायला पाच-सहा महिने लागत. वॉरशॉ ‘हो’ म्हणाले.

गुरुवार, २९ जुलै, सकाळी ८. वाशीत रात्रीचे साडेआठ.
सॅन होजेच्या विमानतळावर स्पीलबर्गच्या भेटीला न्यायला कंपनीचं छोटं जेट उभं. फोनपासून इथवर जेमतेम दीड दिवस, आणि तेवढ्यात अख्ख्या गेमची कल्पना तयार: सहा पडद्यांचं घनाकार जग, खड्ड्यांत विखुरलेले फोनचे तीन तुकडे, ते गोळा करून घरी फोन लावणारा परग्रहवासी. भेटीत स्पीलबर्गनी सुचवलं, पॅकमॅनसारखं काही करता येणार नाही का? वॉरशॉ आपल्या कल्पनेवर ठाम राहिले. तेवढ्या वेळात एवढी कल्पना सुचणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

ऑगस्ट.
कोड लिहायचं यंत्र घरी आणून ठेवलं. खेळाचं यंत्र अटारी २६००. त्याची मेमरी १२८ बाइट. कार्ट्रिजमध्ये सगळा गेम मावायला जागा ८ किलोबाइट. चित्रांसाठी जेरोम डोमुरात यांची मदत होती, कोड मात्र एकट्याचा.

इथेच घोळ झाला. पडद्यावर ई.टी. उभा दिसतो आणि खड्डे तिरप्या नजरेतून दिसतात. पाय खड्ड्यापासून दूर असले, तरी डोक्याचा एखादा ठिपका काठाला लागला की गडी आत. मान लांबवून तरंगत वर यायचं, काठावर पोचायचं, आणि जरा हललं की पुन्हा आत. नवख्या खेळाडूला कळतच नाही, आपलं काय चुकलं. कोड लिहिणाऱ्याला मात्र कुठून चालायचं ते पाठ असतं, त्यामुळे त्याला हा खड्डा दिसतच नाही.

१ सप्टेंबर १९८२.
गेम वेळेत तयार. नेहमी नव्या गेमची बाहेरच्या खेळाडूंकडून चाचणी होई. ती या वेळी वगळली. खव्याच्या भट्टीवर बसलेल्या कोणालाही विचारा: आच वाढवून खवा लवकर होत नाही, तळाला लागतो. माझ्या मते दोष कोड लिहिणाऱ्याचा कमी, आच वाढवणाऱ्यांचा जास्त. त्यात कंपनीने कार्ट्रिजं काढली सुमारे चाळीस लाख.

७ डिसेंबर १९८२, न्यूयॉर्कमध्ये दुपार. वाशीत रात्रीचा एक वाजून गेलेला.
२ वाजून ४१ मिनिटं: कसार वॉर्नर या मालक कंपनीचे आपले ५,००० शेअर विकतात.
३ वाजून ४ मिनिटं: वॉर्नर जाहीर करते की नफ्यातली वाढ ५० टक्के नव्हे, १०-१५ टक्केच असेल. मधलं अंतर २३ मिनिटांचं. त्यावरून पुढे सरकारी चौकशी झाली. कसार यांनी आरोप कबूल न करता नफा परत केला आणि जुलै १९८३ मध्ये पद सोडलं.

८ डिसेंबर.
वॉर्नरचा शेअर साधारण एक तृतीयांशाने कोसळला. त्याचं खापर एकट्या ई.टी.वर फोडणं अन्यायाचं आहे. पॅकमॅनच्याही खपापेक्षा कितीतरी जास्त प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या. पण ई.टी.चा खपही जेमतेम पंधरा लाखांवर थांबला.

सप्टेंबर १९८३.
न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत अटारीचा न खपलेला माल पुरून वर काँक्रीट ओतलं. २६ एप्रिल २०१४ ला तो उकरला, तेव्हा वॉरशॉ तिथे हजर होते. तोवर ते मानसोपचाराच्या व्यवसायात स्थिरावले होते.

आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, एका हौशी प्रोग्रॅमरने मूळ कोडमधले मोजके बाइट बदलून खड्ड्यांचा तो त्रास काढून दाखवला होता. म्हणजे दुरुस्ती ८ किलोबाइटमध्ये मावणारी होती. नव्हती ती फक्त सवड.

तेव्हा वाशीत, कळंबला, भूमला रात्री लॅपटॉप उघडून एकट्याने गेम करणाऱ्यांनो, दिवाळीला गेम सोडायचा असेल तर दसऱ्याला नवं काही घालणं बंद करा. तो शेजारच्या पोराच्या हातात द्या, काही सांगू नका आणि ते कुठे पडतं ते नुसतं बघत बसा.