११९ मतं आणि एक खुर्ची

झुरिकहून व्हिएन्नाला जाणाऱ्या रेल्वेत बसलात, तर वाटेत लिश्टेनश्टाइन हा अख्खा देश लागतो. मोबाइलमधून मान वर काढेपर्यंत तो मागेही पडतो. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, गावं ११, लोकसंख्या आज सुमारे ४० हजार. म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं एखादं गाव.

तुम्हाला वाटेल, इथली निवडणूक म्हणजे घरचंच कार्य. पण १९८६ पर्यंत या घरातल्या निम्म्या माणसांना त्या कार्याचं आमंत्रणच नव्हतं. संसदेसाठी बायकांना मत नव्हतं. भारतात १९५१-५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत सज्ञान स्त्रियांना मत होतं. शेजारच्या स्वित्झर्लंडनं देशपातळीवर तो हक्क १९७१ मध्ये दिला, म्हणजे तोही उशीरच. लिश्टेनश्टाइननं त्यावर आणखी तेरा वर्षं लावली.

का? गंमत अशी की कारण हुकूमशाही नव्हतं, लोकशाहीच होती. हा प्रश्न सार्वमतानं सोडवायचा होता, आणि सार्वमतात मत कुणाला? पुरुषांना. १९६८ मध्ये नुसता कौल घेताना बायकांनाही विचारलं. त्यांच्यात होकार काठावर पुढे होता, पुरुषांत नकार जोरात. १९७१ मध्ये प्रस्ताव ८१ मतांनी पडला. १९७३ मध्ये पुन्हा विचारलं, तर तो ४५१ मतांनी पडला. म्हणजे काळ पुढे गेला आणि आकडा मागे!

या विरोधातला एक मुद्दा तुमच्या-माझ्यासारख्यांनी नीट ऐकावा असा आहे. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनीतून लग्न होऊन आलेल्या बायकांना तिथलं नागरिकत्व आपोआप मिळायचं. उलट, परदेशी माणसाशी लग्न करणारी तिथली मुलगी १९७४ पर्यंत स्वतःचं नागरिकत्व गमवायची. त्यामुळे म्हटलं जाई, ‘बायकांना मत दिलं तर या बाहेरच्या आपला देश चालवतील.’ प्रश्न बाईचा, पण भीती परक्यांची. सून घरची की बाहेरची, हा वाद आपल्याला काही नवा नाही.

मग १९८१ मध्ये काही बायकांनी ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या नावानं मोहीम सुरू केली. झोपलेली कोण, हे सांगायची गरज नव्हती. १९८२ मध्ये न्यायालयात दाद मिळाली नाही. १९८३ मध्ये त्या थेट स्ट्रासबुर्गला, युरोप परिषदेच्या दारात गेल्या. घरचं भांडण चव्हाट्यावर आणलं म्हणून नाराजी ओढवली, पण विषय मरू दिला नाही.

१ जुलै १९८४. होकार २३७०, नकार २२५१. फरक फक्त ११९ मतांचा. त्याच वर्षी परदेशी बायकांना नागरिकत्व मिळण्याची वाट मात्र कायद्यानं लांब केली गेली. एक दार उघडलं आणि दुसरं जरा ओढून घेतलं.

फेब्रुवारी १९८६ मध्ये बायकांनी पहिल्यांदा संसद निवडली. मतदारयादी खूपच मोठी झाली. निकाल? १५ जागांपैकी फादरलँड युनियनला ८, प्रोग्रेसिव्ह सिटिझन्स पार्टीला ७. अगदी १९८२ सारखाच! नव्या फ्री लिस्ट पक्षाला ८ टक्क्यांची अट गाठता आली नाही. ज्या उलथापालथीची इतकी वर्षं धास्ती घेतली, ती झालीच नाही. बदल दिसला तो एका खुर्चीवर. प्रोग्रेसिव्ह सिटिझन्स पार्टीच्या एम्मा आयगेनमान या संसदेत पोचलेल्या पहिल्या स्त्री.

मग मत देऊन काय मिळालं, असं कुणी विचारेल. माझं उत्तर साधं आहे. मताचा हक्क हा निकाल बदलण्याच्या बोलीवर द्यायचा नसतो. तो इथं राहणाऱ्या माणसाला मोजायचं की नाही, एवढंच ठरवतो.

आज लिश्टेनश्टाइनमध्ये राहणारे सुमारे एक तृतीयांश लोक परदेशी नागरिक आहेत. संसदेसाठी त्यांना मत नाही. तुमच्यापैकी बरेच जण जिथे राहता, कर भरता, तिथे तुमचंही तेच असेल. ‘बाहेरच्यांना मत कशाला?’ हे वाक्य पुढच्या वेळी ऐकलंत, तर ती ११९ मतं आठवा. आणि हेही तपासा, की ते वाक्य कधी आपणही कुणाबद्दल म्हणतो का.