इंजिनाचा चुकलेला ठोका

चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाचा एक ठोका चुकूं लागला म्हणजे मोटार एकदम बंद पडत नाहीं. ती लंगडूं लागते. उभी असतां तिचें अंग थरथरतें, चढावर दम तुटतो, पेट्रोल अधिक लागतें आणि सायलेन्सरमधून मधूनच फटकारे निघतात. मुंबईच्या उपनगरांतील मिस्त्री या व्याधीला 'मिसिंग' म्हणतात. बंद पडलेल्या गाडीपेक्षां अशी गाडी मालकाला अधिक छळते. बंद गाडीचा दोष एका जागीं थांबलेला असतो. लंगडणाऱ्या गाडीचा दोष येतो आणि जातो, आणि मिस्त्रीच्या दारांत नेमका गप्प बसतो. टॅक्सीवर ज्याचें पोट चालतें त्याच्या तर दिवसाच्या कमाईवरच हा घाला असतो.

हा दोष ठिणगीच्या इतिहासाशीं बांधलेला आहे. कोंडलेल्या वायूला नेमक्या क्षणीं पेटवावें कसें, हा इंजिन करणाऱ्यांपुढील आरंभींचा मोठा प्रश्न होता. लन्वारनें १८६० सालीं विजेची ठिणगी वापरली. ऑटोच्या १८७६ च्या इंजिनांत ज्योतीनें पेट दिला जाई. डेमलरनें तापलेली नळी पत्करली, तर कार्ल बेंझनें १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला बॅटरी व कॉइल लावली. १९०२ सालीं बॉशच्या कारखान्यांत होनोल्ड या अभियंत्यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. पुढें १९१० च्या सुमारास अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी जुळणी बसविली, ती कित्येक दशकें बहुतेक मोटारींत टिकली. पॉइंट उघडले कीं कॉइलमधील प्रवाह तुटतो, १२ व्होल्टांच्या बॅटरीपासून हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो, आणि डिस्ट्रिब्युटरमधील फिरता रोटर तो पाळी असलेल्या प्लगकडे पोंचवितो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला ६,०००, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. त्यांतील एखादी चुकली तरी कानाला कळतें. कोणती चुकली व कां, हें मात्र कळत नाहीं.

मुंबईंत ही विद्या कारखान्यांच्या पाठोपाठ आली. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस मोटारी जुळविण्यास आरंभ केला. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून आधीं क्रायस्लरच्या व मागाहून फियाटच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. १,०८९ घनसेंटिमीटरांच्या इंजिनाची फियाट ११०० हीच १९६४ सालीं 'डिलाइट' झाली आणि सत्तरीच्या दशकांत 'प्रीमियर पद्मिनी'. कुर्ल्याहून जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादुर शास्त्री मार्ग, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप करीत मुलुंडला जातो. गाडीला लागणारें ज्ञानहि जणूं याच रस्त्यानें उपनगरांत पसरलें. नव्या गाडीसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. म्हणून जुनी गाडी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाई, आणि मागील प्रत्येकाची डागडुजी तिच्या पोटांत सांठून राही. कोणीं भलत्याच जातीचा प्लग बसविलेला, कोणीं पॉइंट कानशीनें घासून झिजविलेले, तर कोणीं प्लगच्या दोन वायरी अदलाबदल करून ठेवलेल्या. या इंजिनाची पाळी एक, तीन, चार, दोन अशी; ती मोडली कीं सर्व भाग नवे असूनहि गाडी लंगडणारच.

अशा वेळीं दोन मार्ग असत. एक सोपा, पण मालकाच्या खिशाचा: प्लग बदला, पॉइंट बदला, कॉइल बदला, आणि कांहींच साधलें नाहीं तर इंजिन उतरवा. दुसरा विचाराचा. चांगला मिस्त्री प्रथम इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकामागून एक सोडवी. निरोगी सिलिंडराची वायर निघाली कीं इंजिन आणखी कचरे. आजारी सिलिंडराची निघाली तर कांहींच फरक पडत नसे. दोष एकाच सिलिंडराचा ठरला, तर त्याचा प्लग काढून शेजारच्या सिलिंडराला लावावयाचा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग अपराधी. जागेवरच राहिला तर प्लग निर्दोष, आणि चौकशी वायरीकडे, डिस्ट्रिब्युटरच्या झांकणाकडे व शेवटीं व्हॉल्व्हकडे जाई. लगतच्या दोन सिलिंडरांत दाब कमी आढळला तर मधलें गॅस्केट फुटल्याचा संशय धरावयाचा. उलट दोष चारी सिलिंडरांत फिरत असेल, तर जें चौघांच्या सामाईक तेंच तपासावयाचें: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि कार्ब्युरेटर.

दोष केव्हां येतो हें विचारण्यासहि तितकेंच महत्त्व होतें. इंजिन तापल्यावरच येत असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल; जागेवर उभी असतां येऊन वेगांत नाहींसा होत असेल तर जोडांतून शिरणारी वाट चुकलेली हवा; चढावरच येत असेल तर अशक्त ठिणगी, कारण दाबलेल्या वायूंतून उडी घेण्यास तिला अधिक जोर लागतो. पावसाळ्यांतील मिसिंग तर उपनगरांना चांगलेंच परिचयाचें. झांकणाला बारीक चीर गेली किंवा वायरीचें रबर फाटलें कीं ओलाव्याच्या वाटेनें करंट पळतो. काळोखांत बॉनेट उघडून इंजिन चालू केलें तर पळणारी निळी ठिणगी डोळ्यांना दिसते. दिवसां न सांपडणारा चोर असा रात्रीं सांपडे.

पुढें टॅक्सी सीएनजीवर आल्या. या वायूला पेट देण्यास पेट्रोलपेक्षां अधिक व्होल्टेज लागतें. त्यामुळें पेट्रोलवर निभावून गेलेला झिजका प्लग गॅसवर ठोका चुकवूं लागला. दोष गॅसच्या किटचा, असें मालकांना वाटे. पुष्कळदां तो जुन्याच ठिणगीचा असे. २००३ सालीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाचीं २० वर्षें भरतांच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, आणि तिच्याबरोबर पॉइंट-कंडेन्सरचा काळहि सरला.

आतांच्या गाडींत पॉइंट नाहींत. बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असते. क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर मंदावला कीं संगणकाला चुकलेला ठोका कळतो, आणि यंत्र लावतांच 'पी ०३०२', म्हणजे दुसरा सिलिंडर चुकतो, असा निर्वाळा मिळतो. दुर्लक्षहि पूर्वींपेक्षां महाग झालें आहे. न जळलेलें पेट्रोल पुढें जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करतें. परंतु यंत्र कोणता सिलिंडर तें सांगतें; कां, तें सांगत नाहीं. तो आंकडा वाचून सरळ नवी कॉइल बसविणारा आणि पूर्वींचा इंजिन उतरविणारा, हे एकाच पंथाचे. अंधेरी-बोरिवलीचा जाणता मिस्त्री आजहि दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लावतो आणि आंकडा ०३०३ होतो कीं काय हें पाहतो. झाला तर कॉइल दोषी; न झाला तर मालकाचे पैसे वांचले. ठिणगी पाडण्याची रीत बदलली. संशयिताला जागा बदलावयास लावून दोष त्याच्यामागें जातो कीं नाहीं, हें पाहण्याची रीत बदललेली नाहीं. जुनी गाडी घेणाऱ्यानें मिस्त्रीची पारख करावी ती याच एका गोष्टीवरून: तो आधीं पाना उचलतो, कीं आधीं प्रश्न विचारतो.