ट्रॅक्टर लोडर

ट्रॅक्टर लोडर हे ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस जोडले जाणारे, हायड्रॉलिक दाबावर चालणारे अवजार आहे. सैल माती, खत, मुरूम इत्यादी उचलण्यासाठी व ओतण्यासाठी त्याचा वापर होतो.

रचना
दोन भुजा, बकेट आणि हायड्रॉलिक सिलिंडर हे त्याचे मुख्य भाग होत. घट्ट जमीन खोदण्यास हे अवजार योग्य नाही; त्यासाठी बॅकहो लोडर (बोलीभाषेत ‘जेसीबी’) वापरतात.

उपयोग
उकिरड्यातील शेणखत ट्रॉलीत भरणे, शेतरस्त्यावर मुरूम पसरणे आणि मुरघासाच्या खड्ड्यात कुट्टी लोटणे ही त्याची प्रमुख कामे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत जलाशयांतील गाळ शेतात टाकला जातो. टिपरने टाकलेले असे ढीग लोडरने पसरता येतात.

सुरक्षितता
भरलेली बकेट उंच धरल्यास गुरुत्वमध्य वर सरकतो आणि उतारावर किंवा बांधावर ट्रॅक्टर उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून वाहतुकीच्या वेळी बकेट जमिनीलगत ठेवतात. पुढील आसावरील भार संतुलित करण्यासाठी मागे वजन जोडतात. बकेटमध्ये माणसे बसविणे किंवा उचललेल्या भुजांखाली थांबणे जिवावर बेतू शकते. काम संपल्यावर बकेट जमिनीवर टेकवूनच इंजिन बंद करावे लागते.