जवस तेल-लेपन

लाकडी हत्यारे, त्यांचे दांडे व सुतारकामाची मेजे यांत जवसाचे (अळशीचे) तेल मुरवून पृष्ठभागाचे रक्षण करण्याची क्रिया.

उगम : महाराष्ट्रात जवसाचे रब्बी पीक मुख्यत्वे विदर्भात होते, त्याच्या बियांचे तेल रोगणे, तैलरंग व लाकूडकाम यांत पूर्वापार वापरले जाते (पहा : जवस, तेलघाणा).

वैशिष्ट्ये : या तेलातील असंतृप्त घटक, विशेषतः लिनोलेनिक अम्लाचे ग्लिसराइड, हवेतील ऑक्सिजन शोषून बहुवारिकीकरणाने घट्ट होतात. कच्चे तेल वाळण्यास अनेक दिवस लागतात. शुष्ककयुक्त पक्के तेल त्वरेने वाळते. रंध्याचा ठोकळा किंवा पटाशीची मूठ घासून, फडक्याने पातळ हात देऊन, न मुरलेले तेल पुसून काढतात. तेलकट फडक्यांचा बोळा ऑक्सिडीभवनाच्या उष्णतेने स्वयमेव पेटू शकत असल्याने ती मोकळ्या हवेत पसरून वाळवितात (पहा : स्वयंज्वलन).

महत्त्व : लेपनामुळे लाकडाचे पाणी शोषणे मंदावते व मळ आत मुरत नाही, पापुद्रा सुटणारा जाड थर नसल्याने मरामतीस तेलाचा नवा हात पुरेसा होतो. क्रिकेटच्या विलो लाकडाच्या बॅटींनाही, दांड्याचा सांधा वगळून, कच्चे तेल देण्याची पद्धत आहे (पहा : क्रिकेट, सुतारकाम).