तोरण्याचे धन आणि मोबाइलवरची लढाई

भोरच्या एसटी स्थानकात गाडीची वाट पाहणारी मुले 'पब्जी' खेळत असतात. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात हाही होता. पुढच्या वर्षी तो 'बीजीएमआय' म्हणून परतला. मुलांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. शंभर जण बेटावर उतरतात, वर्तुळ आवळत जाते, उरेल तो जिंकतो. जागा इथे आडोशापुरतीच. राजगडाच्या तीन माच्या नि बालेकिल्ला पाहिलेल्याला हे खटकते. तिथे लढाई जागा राखण्यासाठीच असे.

१६ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्याच्या 'सुपरगेमिंग'ने 'इंडस' आणला. त्याच्या भारतीय वेशभूषेने मी फारसा भारावलो नाही. एक नियम मात्र वेगळा : अखेरीस प्रकटणारे 'कॉस्मियम' ताब्यात घेतले, तर सर्वांना न मारताही जिंकता येते. तिथवर गोळीबार आहेच, म्हणा!

वेल्ह्याचा तोरणा शिवरायांनी १६४७च्या सुमारास फारशा रक्तपाताविना घेतला, आणि तिथे सापडलेल्या धनातून समोरचा राजगड बांधला, असे परंपरा सांगते. 'इंडस'मध्ये धन हाती येताच डाव संपतो.