सैनिकाच्या खिशातले पुस्तक

पणजीचे आपले मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली सुरू झाले हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याची सुरुवात गोव्यातल्या सैनिकी अकादमीच्या पुस्तकांतून झाली, हे मात्र कमी जणांना माहीत असते. बंदूक आणि पुस्तक ही जोडी आपल्याला विजोड वाटते, म्हणून असेल. पण फुकट वाचनाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण सैन्याच्या छावण्यांतच घडले आहे. ते प्रकरण अमेरिकेतले. मी सरकारी कारकून. सरकार एखादी गोष्ट मोफत देते तेव्हा तिच्याबरोबर कोणती अट येते, इकडे माझे लक्ष आधी जाते. म्हणून हा इतिहास मला ओळखीचा वाटतो.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो तरुण घरदार सोडून छावण्यांत जाऊन पडले. त्यांच्या वाचनाची जबाबदारी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन या ग्रंथपालांच्या संघटनेने अंगावर घेतली. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख हर्बर्ट पुटनम यांच्या हाती सूत्रे होती. लोकांकडून वर्गणी आणि पुस्तके गोळा झाली. कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पैशांतून ३६ छावण्यांत ग्रंथालये उभी राहिली. रुग्णालयांत आणि जहाजांवरही पेट्या गेल्या. १९२० पर्यंत सुमारे एक कोटी पुस्तके आणि मासिके वाटली गेली.

शिपाई फक्त करमणुकीच्या कादंबऱ्या मागतील असा अंदाज असेल तर तो चुकला. मोटारीचे इंजिन, गणित, फ्रेंच भाषा या विषयांच्या पुस्तकांना मोठी मागणी होती. युद्ध संपत आले तशी घरी जाऊन कोणता धंदा करावा, हे सांगणारी पुस्तके लागू लागली. म्हणजे छावणीतल्या कपाटाचा उपयोग थेट शिपायाच्या घरच्या चुलीपर्यंत पोचत होता. याच कामातून १९२० साली पॅरिसमध्ये अमेरिकन लायब्ररी उभी राहिली. ती आजही चालू आहे. तिच्या पहिल्या चालकांत चार्ल्स सीगर होते. त्यांचा कवी मुलगा अ‍ॅलन १९१६ साली फ्रान्समध्ये लढताना पडला होता.

आता अटीकडे येऊ. १९१८ साली युद्धखात्याने छावण्यांतल्या ग्रंथालयांकडे याद्या पाठवल्या. ही पुस्तके काढून टाका, असा हुकूम. जर्मनीची बाजू घेणारी आणि युद्धाला विरोध करणारी पुस्तके त्यात होती. ग्रंथपालांनी ती निमूटपणे काढली.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आधी दानाची पुस्तके गोळा केली. अशा वेळी जे होते तेच झाले. पुष्कळांनी घरची अडगळ आणून दिली आणि निम्म्याच्या आसपास पुस्तके कामाची निघाली नाहीत. मग प्रकाशक, ग्रंथपाल आणि पुस्तकविक्रेते यांच्या मंडळाने नवा मार्ग काढला. सैनिकांसाठीच वेगळ्या आवृत्त्या छापायच्या. हे काम १९४३ ते १९४७ चालले. १,३२२ पुस्तके निघाली आणि प्रती झाल्या सुमारे १२ कोटी ३० लाख. मासिकांच्या यंत्रावर दोन पुस्तके वर-खाली छापून मध्ये कापत. त्यामुळे पुस्तक आडवे होई आणि गणवेशाच्या खिशात बसे. पानावर मजकुराचे दोन रकाने असत, कारण मंद उजेडात आखूड ओळी वाचायला बऱ्या. एका प्रतीला खर्च जेमतेम सहा सेंटच्या आसपास.

स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १९२५ साली आली आणि लवकरच विस्मरणात गेली. लेखक १९४० साली वारला. तिच्या सुमारे दीड लाख प्रती शिपायांच्या हाती पडल्या आणि पुस्तकाला नवा जन्म मिळायला मोठी मदत झाली. बेटी स्मिथच्या ब्रुकलिनमधल्या गरीब घराच्या कादंबरीवर तर आघाडीवरून ढिगांनी पत्रे आली. शिपायांना त्या पुस्तकात आपले घर दिसत होते.

याही वेळी अट आलीच. १९४४ साली सैनिकांच्या मतदानाचा कायदा करताना सिनेटर टाफ्ट यांनी एक कलम घातले. सरकारी पैशाने दिलेल्या वाचनात निवडणुकीवर परिणाम करील असा राजकीय मजकूर नको. त्या कलमाच्या धाकाने न्यायमूर्ती होम्स यांचे चरित्रसुद्धा अडले. पण या खेपेस मंडळ गप्प बसले नाही. वृत्तपत्रांनी आवाज उठवला आणि ऑगस्ट १९४४ मध्ये ते कलम सैल करावे लागले. दोन युद्धांमधला हा फरक मला एक कोटी पुस्तकांच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

आज अमेरिकन सैन्यदलांची ग्रंथालये सैनिकाबरोबर त्याच्या बायकोमुलांना आणि निवृत्तांनाही खुली आहेत. ई-पुस्तके, परीक्षांची तयारी, भाषा शिकण्याचे धडे, सगळे विनामूल्य. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या घराला, जिथे जाईल तिथे बरोबर येणाऱ्या ग्रंथालयाची किंमत काय असते, हे बदलीच्या नोकरीत असलेल्यांना समजावून सांगायला नको.

आणि अट? २०२५ साली तिथल्या संरक्षण खात्याच्या शाळांच्या ग्रंथालयांतून वंश आणि लिंगभाव या विषयांवरची पुस्तके काढली गेली. सैनिकांच्या १२ मुलांच्या वतीने त्यांची घरे न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांच्या शाळांतली पुस्तके परत ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. बाप हुकमाचा ताबेदार, पण मूल आपले पुस्तक परत मागते, हे मला फार मोलाचे वाटले.

पोर्तुगीज अमलात छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागे, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवलेले आहे. फुकट मिळालेले पुस्तक ही मेहेरबानी नसते, ते आपल्याच करातून आलेले असते. म्हणून ते हक्काने मागावे आणि कपाटातून नाहीसे झाले तर विचारावे.

वास्कोत नौदलाची आणि पणजी-बांबोळीकडे लष्कराची कितीतरी कुटुंबे राहतात. दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या या माणसांना पाटोवरचे ग्रंथालय कुठे आहे हे कोणी सांगितलेले असेलच असे नाही. शेजारी असे घर असेल तर एखाद्या रविवारी त्यांच्या मुलांना तिथवर घेऊन जा. ज्या ग्रंथालयाचा उगम सैनिकी पुस्तकांतून झाला, तिथे त्यांचा हक्क आपल्याइतकाच आहे.