क्रश सिंड्रोममधील क्षार-असंतुलन

ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबलेल्या माणसाचे स्नायू चिरडल्याने रक्तातील क्षारांचा तोल जाण्याची अवस्था. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तद्रवात ते लिटरमागे जेमतेम ३.५ ते ५ मिलिमोल. दाब निघताच स्नायूंत रक्त पुन्हा खेळू लागते आणि फुटलेल्या पेशींतील पोटॅशियम, फॉस्फेट, आम्ल व मायोग्लोबिन हे स्नायूंतील प्रथिन रक्तात उतरतात. रक्तात अचानक वाढलेल्या पोटॅशियममुळे ढिगाऱ्यात शुद्धीवर असलेला, बोलणारा जखमी बाहेर काढल्यावर काही मिनिटांत हृदय थांबून दगावू शकतो. कॅल्शियम मात्र जखमी स्नायूंत साचून रक्तात घटते, त्याने हृदयाचा धोका वाढतो. मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे निकामी झाली, की पोटॅशियमची बाहेर जाण्याची वाटही बंद होते.

लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील चार रुग्णांवरून एरिक बायवॉटर्स व डेस्मंड बील यांनी १९४१ मध्ये या विकाराचे वर्णन केले.

उपचार शक्यतो सुटकेआधी, ढिगाऱ्यातच सुरू करतात : शिरेतून सलाइन. रिंगर लॅक्टेट टाळतात, कारण त्यात थोडे का होईना पोटॅशियम असते. कॅल्शियम ग्लुकोनेट हृदय सांभाळते, इन्शुलिन व ग्लुकोज पोटॅशियमला पेशींत परत ढकलतात. मूत्रपिंडे बंद पडल्यास पोटॅशियम शरीराबाहेर काढण्याचे काम डायलिसिसचे.